ऑप-ॲम्पवर आधारित गिटार प्रीॲम्प आणि पेडल: फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांगल्या प्रीॲम्पचा रिस्पॉन्स सपाट, म्हणजे सर्व वारंवारतांना सारखाच, असायला हवा ना?

हाय-फाय संचाच्या बाबतीत ही अपेक्षा रास्त आहे, कारण तिथे आधीच तयार झालेला ध्वनी जसाच्या तसा पोहोचवायचा असतो. इलेक्ट्रिक गिटारचा ध्वनी मात्र पिकअप (तारांची कंपने विद्युत सिग्नलमध्ये बदलणारी कॉइल), केबल, प्रीॲम्प (सिग्नल मोठा करणारा पहिला टप्पा) आणि स्पीकर मिळून घडवतात. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची मूळ वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते, चोवीस पडद्यांच्या गिटारवर सर्वांत वरचा स्वर सुमारे १३१९ हर्ट्झवर येतो आणि बारा इंची गिटार स्पीकरचा आवाज साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे वेगाने घसरतो. म्हणजे ऑप-ॲम्पचे (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचे) सर्किट बनवणाऱ्याला जे काही घडवायचे, ते ८० हर्ट्झ ते ५-६ किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात.

सिग्नल क्लिप होत नसेल, म्हणजे त्याची टोके कापली जात नसतील, तर या पट्ट्यात जवळजवळ सपाट असलेला प्रीॲम्प उत्तम काम देतो आणि पुढचे काम टोन कंट्रोलवर सोपवता येते. क्लिपिंग सुरू झाले की मात्र चित्र बदलते. क्लिपरमध्ये शिरणाऱ्या स्वरांमधूनच नवे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर) तयार होतात; त्यामुळे क्लिपरच्या आधी लावलेला फिल्टर आणि नंतर लावलेला तोच फिल्टर यांचे परिणाम पूर्णपणे वेगळे असतात. पुढील बहुतेक उत्तरांचा पाया हाच आहे. माझ्या मते पेडलचे व्यक्तिमत्त्व डायोडच्या जातीपेक्षा फिल्टरच्या जागेवर कितीतरी अधिक अवलंबून असते.

कट-ऑफ वारंवारता चटकन कशी काढावी?

रोध किलोओममध्ये आणि धारिता नॅनोफॅरडमध्ये घ्यावी, दोहोंचा गुणाकार करावा आणि १,५९,००० या संख्येला त्या गुणाकाराने भागावे. उत्तर थेट हर्ट्झमध्ये मिळते. उदाहरणार्थ, ४.७ किलोओम आणि ४७ नॅनोफॅरड यांचा गुणाकार २२०.९ येतो, म्हणून कट-ऑफ ७२० हर्ट्झ. त्या बिंदूवर सिग्नल ३ डेसिबलने कमी झालेला असतो आणि त्यापलीकडे तो दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरत जातो. हा उतार बराच सौम्य असतो. त्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली सारे काही नाहीसे होते, अशी समजूत करून घेऊ नये.

इनपुट इम्पीडन्स १ मेगओम का ठेवतात?

पिकअप ही हजारो वेढ्यांची कॉइल असते. सिंगल-कॉइल पिकअपचे इंडक्टन्स साधारण २.५ हेन्री धरू. केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. पाच मीटर केबलची ५०० आणि कॉइलची स्वतःची व इतर मिळून आणखी २०० धरली, तर या जोडीचा अनुनाद सुमारे ३.८ किलोहर्ट्झवर येतो. तारेच्या आवाजातली चमक याच उंचवट्यामुळे येते. केबल दहा मीटरची केली की हा उंचवटा सुमारे २.९ किलोहर्ट्झवर सरकतो आणि आवाज झाकोळल्यासारखा वाटतो.

इनपुटचा रोध (इम्पीडन्स) कमी असेल, तर हा उंचवटा दबतो. ४७ किलोओमला तो जवळजवळ उरतच नाही. म्हणून गिटार प्रथम नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा न करणाऱ्या) टप्प्याला जोडतात, कारण तिथे इनपुट इम्पीडन्स बायसच्या (ऑप-ॲम्पला स्थिर व्होल्टेज देणाऱ्या) रेझिस्टरवरून ठरतो आणि तो १ मेगओम ठेवणे सोपे असते. इन्व्हर्टिंग टप्प्यात मालिकेतला रेझिस्टर हाच इनपुट इम्पीडन्स असतो. तो १ मेगओम केला, तर त्याचा औष्णिक नॉइज सिग्नलबरोबर वाढून ऐकू येतो. इन्व्हर्टिंग टप्पा म्हणूनच बफरच्या (सिग्नल न वाढवता फक्त भार पेलणाऱ्या टप्प्याच्या) पुढे शोभतो.

इनपुटच्या कपॅसिटरचे गणितही इथेच करून ठेवावे. १ मेगओमबरोबर १० नॅनोफॅरड घेतला, तर कट-ऑफ १६ हर्ट्झवर म्हणजे गिटारच्या बराच खाली राहतो. १ नॅनोफॅरड घेतला, तर तो १५९ हर्ट्झवर जातो आणि जाड तारा आधीच हलक्या होतात. हा दुसरा पर्याय ट्रेबल-बूस्टरच्या वळणाचा असून, मुद्दाम निवडला तर उपयोगी आहे.

एका नॉन-इन्व्हर्टिंग टप्प्यात रिस्पॉन्स कुठे कुठे घडवता येतो?

मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले म्हणजे इन्व्हर्टिंग इनपुटपासून ग्राउंडकडे जाणारी रेझिस्टर आणि कपॅसिटरची शाखा. कमी वारंवारतेला कपॅसिटरचा अडथळा मोठा असतो, त्यामुळे शाखेचा एकूण इम्पीडन्स वाढतो आणि गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) घटतो. दुसरे म्हणजे फीडबॅक रेझिस्टरला (आउटपुटकडून इन्व्हर्टिंग इनपुटकडे परतणाऱ्या वाटेवरच्या रेझिस्टरला) समांतर असलेला लहान कपॅसिटर, जो वरच्या वारंवारतेला गेन कमी करतो.

इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. नॉन-इन्व्हर्टिंग टप्प्याचा गेन कधीही १ च्या खाली जात नाही. खालचे स्वर कापले जात नाहीत, ते फक्त वाढवले जात नाहीत. मूळ सिग्नल तसाच पलीकडे निघतो. म्हणून या शाखेमुळे मिळणारा आकार खऱ्या हाय-पास फिल्टरचा नसून शेल्फचा, म्हणजे पायरीसारखा, असतो.

शाखेतल्या कपॅसिटरचे आणखी एक काम आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या पेडलमध्ये ऑप-ॲम्प साडेचार व्होल्टवर बायस केलेला असतो. शाखा थेट ग्राउंडला जोडली आणि मध्ये कपॅसिटर ठेवला नाही, तर हे साडेचार व्होल्टही गेनने गुणले जातील आणि आउटपुट पुरवठ्याच्या टोकाला जाऊन अडकेल. शाखा बायसच्या रेषेला जोडली, तर कपॅसिटरविना चालते, पण मग ती रेषा भक्कम हवी. केवळ दोन मोठ्या रेझिस्टरनी बनवलेल्या बायसला शाखा जोडल्यास त्या रेझिस्टरचा रोध शाखेत मिसळतो आणि गणित बिघडते.

ट्यूब स्क्रीमरचा मध्यभागी फुगलेला आवाज नेमका कशामुळे येतो?

आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरचे, म्हणजे टीएस८०८ आणि टीएस९ या पेडलचे, सर्किट फार विचारपूर्वक बांधलेले आहे, म्हणून त्याच्याकडे सावकाश पाहू.

पहिल्या ऑप-ॲम्पच्या ग्राउंडकडील शाखेत ४.७ किलोओम आणि ४७ नॅनोफॅरड आहेत. फीडबॅकमध्ये ५१ किलोओम, त्याच्या मालिकेत ५०० किलोओमचे ड्राइव्ह पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), आणि या दोघांना समांतर ५१ पिकोफॅरड व उलटसुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड आहेत. ड्राइव्ह शून्यावर असताना मधल्या पट्ट्यातला गेन सुमारे १२ पट आणि पूर्ण असताना सुमारे ११८ पट, म्हणजे ४१ डेसिबल असतो. हा आकडा सगळ्या स्वरांना मिळत नाही. ड्राइव्ह पूर्ण असताना ८२ हर्ट्झला प्रत्यक्ष गेन जेमतेम १३ पट भरतो, तर १ किलोहर्ट्झला तो ९५ पटींच्या आसपास असतो. म्हणजे जाड तारेचा मूळ स्वर डायोडना फारसा हलवत नाही. त्याच तारेचे वरचे हार्मोनिक मात्र क्लिपिंगला भाग पाडतात. तार जाड असूनही आवाज गढूळ होत नाही, याचे कारण हेच आहे. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे मूळ सिग्नल एक पट गेनने पलीकडे जात असल्याने क्लिप झालेल्या आवाजाखाली स्वच्छ खालचे स्वर शाबूत राहतात.

या टप्प्यानंतर १ किलोओम आणि २२० नॅनोफॅरडचा लो-पास (खालचे स्वर जाऊ देणारा फिल्टर) येतो. त्याचा कट-ऑफ ७२३ हर्ट्झ. म्हणजे क्लिपिंगच्या आधी ७२० हर्ट्झच्या खाली उतार आणि क्लिपिंगनंतर ७२३ हर्ट्झच्या वर उतार. प्रसिद्ध उंचवटा या दोन उतारांच्या मध्ये आहे. क्लिपिंगमुळे तयार झालेले ५ किलोहर्ट्झचे हार्मोनिक या लो-पासने सुमारे १७ डेसिबलने खाली येतात, त्यामुळे कर्कशपणा टोन कंट्रोलपर्यंत पोहोचण्याआधीच मावळतो.

टोन कंट्रोलची रचना तर विशेष देखणी आहे. २० किलोओमचे पॉट दुसऱ्या ऑप-ॲम्पच्या दोन्ही इनपुटांच्या मध्ये आडवे बसवलेले असून त्याच्या मधल्या टोकापासून २२० ओम आणि २२० नॅनोफॅरडची शाखा ग्राउंडला जाते. पॉट एका बाजूला फिरवले की ही शाखा सिग्नलमधला ट्रेबल ग्राउंडला नेते. दुसऱ्या बाजूला फिरवले की तीच शाखा गेन ठरवणारी होते आणि १ किलोओमच्या फीडबॅकमुळे ट्रेबलला साडेपाच पटींपर्यंत उठाव देते. तो उठाव आधीच्या लो-पासने गमावलेले पुष्कळसे भरून काढतो. एकाच कपॅसिटरकडून दोन्ही कामे करून घेणारी अशी काटकसर फार थोड्या सर्किटांत दिसते.

फेंडर वळणाच्या ज्या ॲम्पच्या टोन स्टॅकमध्ये (टोनच्या बटणांच्या सर्किटमध्ये) मध्यभाग दबलेला असतो, त्यांच्यासमोर हे पेडल का खुलते, हेही यावरून लक्षात येईल.

शाखेतला कपॅसिटर ४७ वरून १०० नॅनोफॅरड केला, तर बेस वाढेल का?

वाढेल, कट-ऑफ ७२० वरून सुमारे ३३९ हर्ट्झवर उतरेल. सिंगल-कॉइल पिकअपच्या पातळ आवाजाला हा बदल मानवतो. हमबकर (दोन कॉइलचे पिकअप) असेल आणि ड्राइव्ह जास्त असेल, तर मात्र आवाज गढूळ होऊ लागतो.

याचे कारण पाहू. ११० आणि १६५ हर्ट्झचे दोन स्वर, म्हणजे पाचव्या पडद्यावरचा साधा पॉवर कॉर्ड, एकत्र क्लिप झाले की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यांचेही स्वर तयार होतात: ५५ हर्ट्झ, २७५ हर्ट्झ आणि पुढे आणखी. पॉवर कॉर्डमध्ये हे नवे स्वर संगीताच्या दृष्टीने जुळून येतात, म्हणून तो भरदार वाटतो. त्यात तिसरा स्वर मिसळून पूर्ण कॉर्ड वाजवला, की बेरजा-वजाबाक्या स्वरांशी फटकून वागतात, आणि खालचे स्वर जितके जोरात क्लिप होतील तितका हा गोंधळ वाढतो. बेस हवाच असेल, तर तो क्लिपिंगनंतर वाढवावा. तिथे एखादा शेल्फ दिला की वजन मिळते आणि स्वरही वेगळे राहतात.

गेनचे बटण फिरवल्यावर टोनही का बदलतो?

पॉट सर्किटमध्ये कुठे बसवले आहे, त्यावर हे अवलंबून आहे. एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसमध्ये फीडबॅकचा रेझिस्टर १ मेगओमवर कायम असतो आणि गेनचे पॉट ग्राउंडकडील शाखेत, ४.७ किलोओम आणि ४७ नॅनोफॅरड यांच्या मालिकेत येते. गेन पूर्ण असताना शाखेत फक्त ४.७ किलोओम उरतात. गेन सुमारे २१४ पट आणि कट-ऑफ ७२० हर्ट्झ. गेन कमी करताना शाखेचा रोध वाढतो, म्हणून कट-ऑफही खाली घसरतो. ५०० किलोओमच्या पॉटवर तो ७ हर्ट्झच्याही खाली जातो. गेन वाढवला की बेस आपोआप आवरला जातो आणि कमी केला की आवाज भरून येतो. हा परिणाम वाजवणाऱ्याच्या कामाचा आहे, कारण जास्त गेनला बेस आवरणे गरजेचेच असते.

ट्यूब स्क्रीमरमध्ये पॉट फीडबॅकमध्ये आहे, त्यामुळे खालचा कट-ऑफ ७२० हर्ट्झवर स्थिर राहतो आणि वरचा बदलतो. ड्राइव्ह पूर्ण असताना ५५१ किलोओम आणि ५१ पिकोफॅरड मिळून सुमारे ५.७ किलोहर्ट्झ, ड्राइव्ह शून्यावर असताना ६१ किलोहर्ट्झ. मात्र डायोड वाहू लागले की फीडबॅकचा प्रभावी रोध उतरतो आणि हा वरचा कट-ऑफही वर सरकतो. ५१ पिकोफॅरडचा प्रभाव त्यामुळे मुख्यतः लहान सिग्नलवर, म्हणजे विरत जाणाऱ्या स्वरावर, आणि क्लिपिंगच्या कडा किंचित गोल करण्यावर दिसतो.

नवे सर्किट आखताना पॉट कुठे घालावे, हा निर्णय कपॅसिटरची धारिता निवडण्याआधी घ्यावा.

रॅट पेडलमध्ये दोन शाखा कशासाठी आहेत?

प्रोको रॅटमध्ये ४७ ओम आणि २.२ मायक्रोफॅरड यांची एक शाखा सुमारे १५४० हर्ट्झपासून, तर ५६० ओम आणि ४.७ मायक्रोफॅरड यांची दुसरी शाखा सुमारे ६० हर्ट्झपासून काम करते. दोन शेल्फ एकावर एक रचल्यामुळे गेन पायरीपायरीने चढतो: बेसला थोडा, मध्यभागाला जास्त, वरच्या भागाला सर्वाधिक. १०० किलोओमच्या पॉटसह कागदावरचा कमाल गेन २३०० पटींच्या पुढे, म्हणजे सुमारे ६७ डेसिबल होतो.

प्रत्यक्षात तो कधीच मिळत नाही. मूळ रॅटमधील एलएम३०८ या ऑप-ॲम्पला ३० पिकोफॅरडचा बाहेरील कपॅसिटर लावलेला असतो. त्याचा गेन-बँडविड्थ गुणाकार साधारण १ मेगाहर्ट्झ धरला, तर १ किलोहर्ट्झला फार तर १००० पट आणि ५ किलोहर्ट्झला फार तर २०० पट गेन शक्य आहे. शाखा चढत असतात आणि ऑप-ॲम्पची मर्यादा उतरत असते. रॅटचा खरा वक्र या दोहोंच्या छेदाने ठरतो. त्यात डायोड आउटपुटनंतर ग्राउंडला जोडलेले असल्याने ऑप-ॲम्प पुरवठ्याच्या टोकांपर्यंत झोके घेतो, आणि सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात फक्त ०.३ व्होल्टच बदलू शकणाऱ्या या आयसीचा स्लू रेटही ऐकू येण्याजोगा परिणाम करतो.

मग ऑप-ॲम्प बदलल्याने आवाज बदलतो की नाही?

रॅटमध्ये बदलतो. तिथे टीएल०७१ घातला, तर त्याच्या ३ मेगाहर्ट्झ बँडविड्थमुळे आणि १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद स्लू रेटमुळे वरचा भाग उघडा पडतो आणि आवाज टोचू लागतो. ओपी०७ चा स्लू रेट ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच आहे आणि बँडविड्थही कमी आहे, म्हणून तो अधिक जवळचा पर्याय ठरतो. एलएम३०८ चे उत्पादन बंद झालेले असल्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत त्या नावाचा आयसी मिळालाच, तर तो आधी सॉकेटमध्ये बसवून तपासावा आणि मगच सोल्डर करावा.

ट्यूब स्क्रीमरमध्ये मात्र आयसी बदलण्यावर खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जेआरसी४५५८ ची ३ मेगाहर्ट्झ बँडविड्थ ११८ पट गेनलाही सुमारे २५ किलोहर्ट्झपर्यंत पुरते. डायोडमुळे आउटपुटचा झोका लहान राहतो, ०.६ व्होल्टचा २० किलोहर्ट्झ सिग्नल घेतला तरी ०.०८ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेग लागतो आणि या आयसीकडे तो १ च्या आसपास आहे. तेच पैसे तीन-चार वेगवेगळ्या धारितांच्या फिल्म कपॅसिटरवर खर्च केले, तर फरक पहिल्याच स्वराला कळेल.

पहिल्या टप्प्यात नॉइजचा विचारही करावा. एनई५५३२ चा व्होल्टेज नॉइज टीएल०७२ पेक्षा बराच कमी आहे, पण त्याचा करंट नॉइज जास्त आहे. पिकअपचा इम्पीडन्स अनुनादाजवळ १०० किलोओमच्या घरात जातो आणि तिथे हा करंट नॉइजच वरचढ ठरतो. शिवाय सुमारे २०० नॅनोॲम्पिअरचा बायस करंट १ मेगओमवर ०.२ व्होल्टची ढळ निर्माण करतो. म्हणून गिटार थेट जोडायची तिथे टीएल०७२, आणि बफरनंतरच्या कमी रोधाच्या टोन टप्प्यांत एनई५५३२, अशी वाटणी योग्य ठरते.

टोन कंट्रोल पॅसिव्ह असावा की ॲक्टिव्ह?

पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात मांडलेला टोन कंट्रोल फीडबॅकच्या आत बसतो. दोन्ही पॉट मध्यावर असताना रिस्पॉन्स सपाट राहतो आणि बेस-ट्रेबल दोन्हीकडे सारखे वाढतात-घटतात. स्वच्छ प्रीॲम्पसाठी आणि बेस गिटारसाठी मी हाच सुचवेन. पॅसिव्ह स्टॅकमध्ये सिग्नल बराच गमावला जातो आणि बटणे एकमेकांवर परिणाम करतात. त्याचा दबलेला मध्यभाग मुद्दाम हवा असेल, तरच तो घ्यावा.

ठरावीक जागी मिड वाढवायचा असेल, तर?

कॉइल आणि कपॅसिटरची मालिका हे सरळ उत्तर आहे, पण २ हेन्रीची कॉइल जड असते आणि ५० हर्ट्झचा हमही ओढून घेते. त्याऐवजी ऑप-ॲम्पने कॉइलचे सोंग वठवणारे जायरेटर वापरतात. २.२ किलोओम, १०० किलोओम आणि १० नॅनोफॅरड यांचा गुणाकार २.२ हेन्री इतके इंडक्टन्स देतो. त्याच्या मालिकेत २२ नॅनोफॅरड जोडला की अनुनाद सुमारे ७२३ हर्ट्झवर येतो आणि २.२ किलोओमच्या रोधामुळे शाखेचा स्वतःचा क्यू, म्हणजे अनुनादाचा टोकदारपणा, साडेचारच्या आसपास राहतो. उंचवटा पसरट हवा असल्यास मालिकेत रोध वाढवावा. ग्राफिक इक्वलायझर पेडलमध्ये असेच जायरेटर ओळीने मांडलेले असतात.

बेस गिटारसाठी हेच आकडे चालतील का?

बेसची जाड तार ४१ हर्ट्झपासून सुरू होते. इनपुट आणि आउटपुटचे कट-ऑफ १० हर्ट्झच्या खाली न्यावेत. क्लिपिंग टप्प्यातला बेस-उतार मात्र ठेवावा आणि बफरनंतरचा स्वच्छ सिग्नल वेगळ्या वाटेने आणून शेवटी मिसळावा. मिसळण्यापूर्वी दोन्ही वाटांचा फेज जुळतो का, ते तपासावे. एका वाटेत एकच इन्व्हर्टिंग टप्पा असेल, तर मिसळल्यावर खालचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात.

कपॅसिटरच्या प्रकाराने फरक पडतो का?

सिग्नलच्या वाटेत आणि फिल्टरमध्ये ५ टक्के सहनशीलतेचे पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर घ्यावेत. एक्स७आर सिरॅमिकची धारिता त्यावरच्या व्होल्टेजनुसार बदलते आणि काही कपॅसिटर ठोकल्यावर आवाजही करतात. पिकोफॅरडमधल्या धारितांसाठी सीओजी सिरॅमिक उत्तम. याच्या पुढची महागडी निवड ऐकू येत नाही.

घरच्या घरी वक्र कसा मोजावा?

संगणकाचा ऑडिओ इंटरफेस आणि फ्रिक्वेन्सी स्वीप देणारे सॉफ्टवेअर पुरते. अडचण पातळीची असते. ११८ पट गेनच्या टप्प्याला ५ मिलिव्होल्ट दिले, तरी आउटपुट ०.६ व्होल्टला जाऊन डायोड वाहू लागतात आणि पडद्यावर फिल्टरऐवजी क्लिपरची सपाट रेषा उमटते. म्हणून इंटरफेसच्या आउटपुटला १०० किलोओम आणि १०० ओमचा विभाजक लावावा. १ व्होल्टचा सुमारे १ मिलिव्होल्ट होतो आणि डायोड निवांत राहतात. ड्राइव्ह शून्य, मध्य आणि पूर्ण अशा तीन स्थितींत स्वीप घ्यावा आणि पहिल्या टप्प्याच्या आउटपुटला व पेडलच्या आउटपुटला वेगवेगळे मोजावे, म्हणजे क्लिपिंगआधीचा आणि नंतरचा आकार स्वतंत्रपणे दिसतो. या मोजणीत सिग्नलचा स्रोत १०० ओमचा असल्याने पिकअपवर पडणारा भार दिसत नाही. तो पाहण्यासाठी एखादे सुटे पिकअप विभाजक आणि पेडलच्या इनपुटच्या मध्ये मालिकेत जोडावे, नेहमीची केबलही तिथेच ठेवावी आणि तोच स्वीप पुन्हा घ्यावा.